विमलची साक्ष

१२ नोव्हेंबर, बुधवार. दिवाळी झाली की तपासणीच्या खोलीतले पडदे उतरवून धुवायचे आणि पुन्हा कड्यांत ओवून टांगायचे, हे काम एकोणतीस वर्षं मी स्वतः करते. दुसऱ्या कुणाला सांगितलं की एखादी कडी सुटते, पडद्याला फट राहते, आणि फट दिसली की आत आलेली बाई बोलत नाही. सकाळी आठच्या सुमारास मी स्टुलावर उभी राहून शेवटचा पडदा चढवत होते, तेव्हा विमल दारात येऊन थांबली. तिच्या ऑपरेशनला पाच आठवडे झाले होते. तपासणीची तारीख होती.

"पडाल, सिस्टर," ती म्हणाली. "पन्नाशी उलटली तुमची. माकडावानी वर चढू नका."

"तू खाली बस. दगदग करायची नाही असं सांगितलंय तुला."

"दोन किलोमीटर चालत आले मी."

"ती परवानगी कुणी दिली?"

"इचारलीच न्हाई कुनाला," म्हणाली आणि हसली. हसताना तिच्या हिरड्या दिसल्या. गुलाबी होत्या. सप्टेंबरात त्या पांढऱ्या होत्या.

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, नाताळ अंकाच्या संपादकांनी मला दोनदा फोन करून सांगितलं होतं, सिस्टर, तुमच्या सेवेतला एखादा चमत्कार लिहा. ते सेवा म्हणतात, मी नोकरी म्हणते. चमत्काराबद्दल लिहिते आहे, पण तो त्यांना हवा तसा निघणार नाही. विमल हे तिचं खरं नाव नाही, आणि बाकीच्यांचीही नावं बदलली आहेत. लिहिलेलं सगळं विमलला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी तिनं मला दुरुस्त केलं. एका ठिकाणी मी ऐकलं नाही.

आमचा दवाखाना लहान आहे, कोल्हारपासून थोडा आत. माझं काम बायकांच्या ओपीडीत. तपासतात त्या डॉक्टर मॅडम. त्याआधी विचारायचं ते मी. विचारणं सोपं वाटतं. पण "रक्त फार जातं का?" असं विचारलं तर बाई "न्हाई" म्हणते, आणि ती खोटं बोलत नसते. फार म्हणजे किती, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मी विचारते, दिवसाला किती कापडं धुता? गाठी पडतात का, सुपारीएवढ्या की लिंबाएवढ्या? उठताना आधी मागं वळून बसलेली जागा बघता का? या शेवटच्या प्रश्नाला बाई उत्तर देत नाही, नुसती माझ्याकडं बघते. तेवढं मला पुरतं.

बोलता बोलता मी तिची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघते. आतली बाजू डाळिंबाच्या दाण्यासारखी हवी. फिकट असेल तर रक्त कमी. पांढरी असेल तर बोलणं थांबवायचं आणि मॅडमना हाक मारायची. मग नखं, मग जीभ. आणखी एक खूण आहे. अंगातलं लोह फार कमी झालं की माणसाला नको ते खायची हाव सुटते. माती, खडू, कच्चे तांदूळ. घरचे अशा बाईला टोमणे मारतात. आम्ही तिचं रक्त तपासतो. रक्ताचा आकडा मशीन सांगतं, पण मशीनच्या आधी मी सांगते, असं मी नव्या मुलींना शिकवताना म्हणायची. आता म्हणत नाही.

नवरे हा वेगळाच विषय. नेवाशाकडचे एक शेतकरी बायकोला घेऊन आले होते. काय होतंय, असं मी तिला विचारलं.

तेच म्हणाले, "आशक्तपना लई हाय. एक बाटली लावा ताकदीची."

पाळी कधी आली होती, मी तिला विचारलं.

तेच म्हणाले, "समदं येळच्या येळी हाय."

"अहो, तुमची नाही विचारली," मी म्हटलं. बाहेरच्या रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. मग मी त्यांना आधार कार्डाची झेरॉक्स आणायला पाठवलं, दोन्ही बाजूंची. झेरॉक्स लागत नाही. पण दुकान चालत दहा मिनिटांवर आहे. ते फाटकाबाहेर गेले, आणि त्यांची बायको पहिल्यांदा बोलली. "सिस्टर, दोन वरसं झाली. थांबतच न्हाई."

उलट अकोले तालुक्यातल्या डोंगराकडची एक म्हातारी लेकीकडं आली होती, ती रांगेतूनच ओरडली, "ओ बाई, माझं बंद हून धा वरसं झाली, आन आता परत सुरू झालंय. ह्ये काय नवीन खूळ?" लेक म्हणाली, आई, हळू बोल. म्हातारी म्हणाली, "का हळू? म्या काय चोरी केलीया?" पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर आम्ही एक दिवसही थांबत नाही. तिचा आजार अगदी सुरुवातीला सापडला. आता लेकीकडं आली की ती माझ्यासाठी तांदळाचं गाठोडं आणते. मॅडमच्या हातानं ती वाचली हे खरंच, पण त्याआधी तिच्या तोंडानं तिला वाचवलं.

विमलचा आवाजही मोठा आहे, पण तो गाण्यात. मंडळीत ती माझ्या मागच्या बाकावर बसते. भजनाला टाळ तिच्याकडं. नवरा याकोब कारखान्याच्या हंगामात ट्रॅक्टर चालवतो. पावणेदोन वर्षांपूर्वी एका रविवारी उपासना सुटल्यावर चपला शोधताना ती माझ्या कानाशी म्हणाली, "सिस्टर, म्हैन्यातनं वीस दिस जातंय माझं."

तिला गुरुवारी बोलावलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, साधीच, पण मोठी. आधी गोळ्या घेऊन रक्त वाढवा, मग पिशवी काढू, असं मॅडम म्हणाल्या. विमल गोळ्यांना तयार झाली, ऑपरेशनला नाही. तिची थोरली बहीण पाथर्डीकडं दिलेली, ऊसतोडीला जाणारी. तिची पिशवी कुणीतरी गरज नसताना काढली होती, आणि त्यानंतर ती बाई धड उभी राहिली नाही. विमलची भीती ऐकीव नव्हती, बघितलेली होती.

त्याच सुमारास मंडळीत तीन दिवसांची उपास-प्रार्थना झाली. सगळ्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली. मीही तिच्या डोक्यावर हात ठेवून केली, मनापासून केली. त्याच आठवड्यात तिचं रक्त थांबलं. देवानं थांबवलं, गोळ्यांनी थांबवलं, की अशा गाठी मधूनच महिना-दोन महिने गप्प बसतात तशी ती बसली, हे मला सांगता येणार नाही. प्रार्थनेवर माझा विश्वास तेव्हाही होता, आजही आहे. पण नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही. तीन महिने बघायचं, रक्त पुन्हा तपासायचं, मग बोलायचं.

नेमकं तेव्हाच मी ते विसरले. आमच्या मंडळीत दर वर्षी भगिनी मेळावा असतो. आसपासच्या गावांतल्या बायका येतात, आणि त्यात साक्ष असते. साक्ष म्हणजे एखाद्या बाईनं उभं राहून, आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मेळाव्याची निमंत्रक मी. मेळावा पंधरा दिवसांवर आला होता आणि माझ्याकडं साक्ष नव्हती.

"विमल, तू दे साक्ष," मी म्हटलं.

"मी? दोन-तीन म्हैने जाऊंद्या की, सिस्टर. परत सुरू झालं म्हंजी?"

"अगं, विश्वासाला कसले दोन-तीन महिने?"

हे वाक्य माझं आहे. आमचे धर्मगुरू पाळकसाहेब, त्यांचं नाही, भगिनी मंडळाचं नाही. मी कुठल्याही पेशंटला कधी असं बोलले नसते.

मेळाव्यात विमल बोलली. चांगली बोलली. तिच्यानंतर मी बोलायला उभी राहिले, आणि अर्थातच रक्तस्रावी बाईचा चमत्कार घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका बाईचं बारा वर्षं रक्त जात होतं. वैद्यांकडं जाऊन जाऊन होतं नव्हतं ते संपलं, गुण आला नाही. अशा बाईनं चारचौघांत मिसळायचं नाही, अशी तिथली रीत. येशू एका अधिकाऱ्याच्या घरी घाईनं निघाला होता, कारण त्या अधिकाऱ्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली होती. गर्दी होती. ही बाई मागून आली आणि त्याच्या वस्त्राच्या काठाला शिवली. तत्क्षणी रक्त थांबलं. येशूही थांबला. मला कोण शिवलं, त्यानं विचारलं. शिष्य म्हणाले, एवढी गर्दी आहे आणि काय विचारता? तो हलेना. शेवटी ती बाई थरथरत पुढं आली आणि तिनं सगळं सांगितलं. त्यानं तिला लेकीसारखी हाक मारली आणि सुखानं घरी जायला सांगितलं. तेवढ्यात निरोप आला, अधिकाऱ्याची मुलगी गेली. तो बापाला म्हणाला, भिऊ नकोस, विश्वास धर. मग घरी जाऊन त्यानं मुलीला उठवलं.

खरं सांगायचं तर नर्स झाल्यापासून या गोष्टीतला मधला भाग मला खटकायचा. एक मुलगी शेवटचे श्वास मोजते आहे, आणि हा रस्त्यात उभा राहून जुन्या पेशंटची विचारपूस करतो आहे, तीही बऱ्या झालेल्या. आमच्याकडं असं कुणी केलं तर मॅडम त्याला फाडून खातील. पण मेळाव्यात मी हे बोलले नाही. माईकवर मी म्हणाले, भीती असते तिथं विश्वास नसतो. खूप टाळ्या पडल्या.

जेवणाच्या वेळी बायका विमलचा पदर हातात घेऊन डोळ्यांना लावत होत्या. आमच्या आजारासाठी प्रार्थना कर, म्हणत होत्या. मी लांबून बघत होते आणि मला बरं वाटत होतं.

दीड महिन्यानं तिचं पुन्हा सुरू झालं.

हे मला कळायला सव्वा वर्ष गेलं. सव्वा वर्ष ती माझ्या मागच्या बाकावर बसत होती. गडद रंगाची लुगडी नेसायला लागली होती. भजनात बसूनच गायची. मी विचारलं, उभी का राहत नाहीस? म्हणाली, गुडघे दुखतात. गोळ्या घेतेस ना, असं मी एकदाही विचारलं नाही, कारण ती बरी झाली होती आणि मीच ते जाहीर केलं होतं. गेल्या नाताळच्या प्रीतिभोजनाला आम्ही मागच्या पडवीत तांदूळ निवडत होतो. विमल निवडता निवडता मूठ मूठ कच्चे तांदूळ तोंडात टाकत होती, करकर आवाज येत होता. मी म्हटलं, "काय गं, शिजेपर्यंतही दम निघत नाही का?" सगळ्या हसल्या. तीही हसली. तिचं म्हणणं, ती हरभऱ्याची डाळ होती. तांदूळच होते. माझ्या अगदी समोर होते.

यंदा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हंगामाची उपासना होती. शेतात जे पिकलं ते टोपलीत घालून वेदीपुढं आणायचं, आणि उपासनेनंतर त्याचा अंगणात लिलाव, अशी आमची पद्धत. विमल बाजरीच्या कणसांची टोपली डोक्यावर घेऊन मधल्या वाटेनं चालली होती. निम्म्यात ती थांबली. टोपली आधी पडली, मग ती. कणसं बाकांखाली गेली.

"सिस्टर! सिस्टर!" चारी बाजूंनी हाका आल्या.

"उपास धरलाय तिनं, चक्कर आली आसंल," याकोब म्हणत होता. मार्थाबाई आमच्या भगिनी मंडळातल्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, "घाबरू नका, विमल तर बरी झालेली हाय."

मी खाली बसले आणि तिची पापणी ओढली. पांढरी. ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरी. एवढी पांढरी पापणी मी चालत्याबोलत्या माणसाची कधी बघितली नव्हती. मग माझा हात तिच्या लुगड्याला लागला. ओलं होतं.

"विमल, कधीपासून?"

तिनं डोळे उघडले. तिचं तोंड माझ्या कानाशी होतं. "सिस्टर, कुनाला सांगू नका."

"कधीपासून गं?"

"मी साक्ष दिलीया," ती म्हणाली. "लोक म्हंतील, इस्वास कमी पडला हिचा."

जीपमध्ये घालून तिला दवाखान्यात आणलं. हिमोग्लोबिन साडेतीन. बारा हवं. मॅडमनी आकडा वाचून माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "ही आपलीच ना? हिला तर आपण गोळ्या दिल्या होत्या." नगरच्या रक्तपेढीला फोन लावला. त्यांच्याकडं तिच्या गटाच्या दोन पिशव्या होत्या. त्या पाठवतो, म्हणाले, पण आणखी लागतील, रक्त देणारी माणसं इकडं धाडा, आणि आत्ता धाडा.

माणसं एकाच ठिकाणी होती. मी त्याच जीपनं परत गेले. लिलाव थांबला होता. सगळे अंगणात उभे होते, पाळकसाहेब मधोमध. "काय झालं विमलला?" एकदम सगळ्यांनी विचारलं.

पडद्याआडचं मी आजवर कधी बाहेर बोलले नाही. बहिणीचं बहिणीला सांगितलेलं नाही. पण रक्त मागायचं तर काहीतरी सांगावं लागणार होतं. अपघात नाही, बाळंतपण नाही. मी मागच्या चबुतऱ्याला हात लावून उभी राहिले.

"विमलला रक्त पाहिजे," मी म्हटलं. "कशासाठी ते तिचं तिला सांगायचं असेल तर ती सांगेल. मी माझं सांगते. मेळाव्यात साक्ष द्यायला ती तयार नव्हती. दोन-तीन महिने थांबू म्हणत होती. मी तिला थांबू दिलं नाही. नर्स असून नंतर मी तिला एकदाही तपासलं नाही. ती पुन्हा आजारी पडली तेव्हा तिला कुणाकडं जायची सोय राहिली नाही. ती सोय मी बंद केली."

मार्थाबाई गर्दीतून पुढं आल्या.

"म्हंजे तिनं खोटी साक्ष दिली?" त्या म्हणाल्या.

"खोटी नाही. घाईची. आणि घाई माझी होती."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि पुन्हा घातला. त्यांचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात मागून जीपच्या किसन ड्रायव्हरचा आवाज आला, "रगत कुठं द्यायचं त्ये सांगा आधी. बाकीचं मागनं भांडू." मग हात वर झाले. पाळकसाहेबही पुढं आले. त्यांना इन्शुलिन चालू आहे, म्हणून त्यांना मी बाजूला बसवलं. मार्थाबाईंचं वय सत्तरच्या पुढं, त्याही जीपमध्ये चढून बसल्या. "तुमचं घेणार नाहीत," मी म्हटलं. "ठावं हाय," म्हणाल्या, "पोरांचे हात धराया कुनी नको?" सहा जण आणि मार्थाबाई असे नगरला गेले.

विमलला चार पिशव्या चढल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी याकोब तिच्या खाटेशेजारी मान खाली घालून बसला होता. "एका घरात ऱ्हाऊन मला कळलं न्हाई, सिस्टर," तो म्हणाला. "मी मानूस हाय का कोन?" विमल उजाडायच्या आत पाटाच्या पाण्यावर जाऊन कापडं धुवून यायची. तिनं त्याला सगळं सांगितलं होतं, स्वतःच.

मग माझ्याकडं वळून तिनं विचारलं, "सिस्टर, एक इचारू? त्या बाईचं परत सुरू झालं असतं तर?"

"कुठल्या बाईचं?"

"काठाला शिवलेल्या. ती कुनाकडं गेली असती?"

मी सलाईनच्या थेंबांचा वेग बघितला. बरोबर होता, तरी पुन्हा बघितला. घरी गेल्यावर ती गोष्ट पुन्हा वाचली. रक्त तर आधीच थांबलेलं होतं. ती बाई गपचूप निघून गेली असती तरी बरीच होती. तरी तो थांबला, मरणाऱ्या मुलीच्या बापाला खोळंबून ठेवून थांबला, आणि तिचं सगळं ऐकून घेतलं. सगळं म्हणजे बारा वर्षांचं. ऐकायला वेळ लागला असेल. ती थरथरत होती, आणि भिऊ नकोस असं त्यानं तिचं ऐकून घेण्याच्या आधी म्हटलं नाही. मी त्या बाईवर अर्धा तास भाषण केलं होतं, आणि थरथरण्यावरून पुढं निघून गेले होते.

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करायची वेळ आली तेव्हा विमलनं पेन खाली ठेवला.

"लई भ्या वाटतंय," ती म्हणाली. "बहिनीवानी झालं तर? आन ऑपरेशन केलं म्हंजी इस्वास सोडला, असं न्हाई ना व्हनार?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मॅडमनी दिलं. सोनोग्राफीचं चित्र दाखवून, बहिणीत आणि तिच्यात काय फरक आहे ते नीट समजावलं. दुसरा प्रश्न माझ्याकडं आला. मी म्हटलं, "ती बाई बारा वर्षं वैद्यांकडं गेली होती. का गेलीस म्हणून तो तिला एका शब्दानं रागावला नाही. तू भीत भीतच सही कर." तिनं केली. अक्षरं रेघेखाली उतरली होती. ऑपरेशन व्यवस्थित झालं.

तर १२ तारखेला मॅडमनी तिला तपासलं, टाके बघितले, सगळं ठीक होतं. मी तिच्या केसपेपरवर पुढची तारीख घालत होते. विमल उठायची ती उठली नाही.

"सिस्टर, मी येकटी न्हवते."

"म्हणजे?"

"आपल्यातलीच एक हाय. तिनंबी मेळाव्यात साक्ष दिल्ती, लई आधी. माझं ऐकलं तवा घरी येऊन रडली. म्हनली, माझंबी तसंच हाय."

"कोण?"

"नाव न्हाई सांगनार. सबूद दिलाय."

"विमल, काय आजार आहे तेवढं तरी सांग. गाठ आहे का? कुठं आहे? अगं, दिवस जातात यात!"

"त्येबी न्हाई." तिनं पदर खांद्यावर घेतला. "पडद्याआडचं भाईर जात न्हाई, असं तुमीच म्हनता ना? मी तिला म्हनलं, सिस्टरकडं जा. ती म्हनली, सिस्टरनीच तर उभं केलं हुतं."

मी खूप विनवलं, थोडी रागावलेही. ती बधली नाही. बरोबरच होतं तिचं.

ती गेल्यावर मी केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर नावं लिहायला घेतली. नऊ वर्षं मी मेळाव्याची निमंत्रक आहे. बरं झाल्याची साक्ष देणाऱ्या बायका आठवत गेले. गुडघे. शुगर. छातीतली गाठ. लेकीच्या फिट्स. अकरा नावं झाली. या अकरांपैकी एकीलाही, आता कसं आहे, असं मी नंतर विचारलं नव्हतं. रविवारी भेटल्या की हात मिळवत होते, "प्रभूची स्तुती असो" म्हणत होते. बाहेर रांग लागली होती आणि आत मी त्या कागदाकडं बघत बसले होते. शेवटी आयाबाई आत येऊन म्हणाली, सिस्टर, बरं नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजेचा अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, "तुम्ही? रजा?" मी कारण सांगितलं. त्यांनी सही करून कागद परत दिला, आणि म्हणाल्या, "मी दुपारी उशिरापर्यंत थांबते. कुणी निघालं तर घेऊन या."

मी स्कूटी काढली आणि यादीतल्या पहिल्या घरी गेले. कुसुममावशी, कॅनॉलच्या कडेला राहतात, एकट्याच. चार वर्षांपूर्वी त्यांनी शुगर गेल्याची साक्ष दिली होती. दारात बसून मेथी निवडत होत्या.

"या या सिस्टर! आज कुनीकडं?"

"तुमच्याकडंच. मावशी, चार वर्षांपूर्वी मी तुम्हाला मेळाव्यात बोलायला लावलं. त्यानंतर कसं आहे, हे एकदाही विचारलं नाही. चुकलं माझं. ते विचारायला आले."

"ब्येस हाय की. किरपा हाय देवाची."

मी जमिनीवर त्यांच्यासमोर बसले. मेथीची एक जुडी निवडून झाली, दुसरी त्यांनी हातात घेतली. मग ती खाली ठेवली आणि लुगड्याखालून डावा पाय हळूच पुढं सरकवला. अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं होतं. वास मला आधीच आला होता.

"किती दिवस झाले?"

"आखाडापासनं."

"तुम्ही विमलजवळ हे बोलला होता का?"

"विमलजवळ? न्हाई बाई. तुमीच पयल्या."

म्हणजे विमलनं सांगितलेली ती दुसरीच कुणीतरी होती.

मी फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता, पण काळं वर चढलेलं नव्हतं. मावशींना स्कूटीवर मागं बसवलं, पाय लोंबू देऊ नका म्हणून सांगितलं, आणि दवाखान्यात मॅडमच्या ताब्यात देऊन दुसऱ्या नावाच्या घरी निघाले.